उघड्यावरच्या कार्यक्रमांसाठी सायकल पार्किंग: टोकनपासून परतीच्या गर्दीपर्यंत

संध्याकाळी मैदानावर गाण्याचा कार्यक्रम आहे. घर चार किलोमीटरवर. सायकल दारात उभी आहे, चाकांत हवाही आहे. तरीही हात मोटारसायकलच्या किल्लीकडे जातो. कारण मनात तीन शंका असतात: तिथे सायकल ठेवायची कुठे, कार्यक्रम सुटेपर्यंत ती जागेवर राहील का, आणि राहिलीच तर गर्दीतून परत मिळायला किती वेळ लागेल. या तिन्ही शंकांची उत्तरं घरातून निघण्याआधी मिळाली, तरच सायकल बाहेर निघते. मैदानावर पोचल्यावर दिसलेला फलक कितीही मोठा असला, तरी तोवर उशीर झालेला असतो.

आणि तिसरी शंका सगळ्यात भारी आहे. सायकली जमा करून घेणं त्या मानाने सोपं असतं, कारण बरेच लोक दीड-दोन तासांत विखरून येतात. जातात मात्र सगळे एकदम. सायकल पार्किंग जमलं की फसलं, हे शेवटच्या अर्ध्या तासात ठरतं. म्हणून आखणी त्या अर्ध्या तासापासून उलटी करत यावी.

स्वतः लावायचं की टोकन घ्यायचं

पद्धती दोन. पहिलीत माणूस स्वतः सायकल लावतो, स्वतः कुलूप घालतो आणि किल्ली खिशात टाकतो. दुसरीत तो सायकल स्वयंसेवकाच्या हातात देतो, टोकन घेतो आणि जातो.

पहिल्या पद्धतीला चांगला स्टँड लागतो, आणि चांगला स्टँड म्हणजे जमिनीत पक्का केलेला उलट्या यू आकाराचा पाइप. उंची ७५ ते ९० सेंटीमीटर, लांबीही साधारण तेवढीच, दोन पाइपांमध्ये किमान ९० सेंटीमीटर ते १ मीटर अंतर. एका पाइपाला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल टेकते. सायकलची फ्रेम दोन ठिकाणी टेकलेली राहते आणि कुलपाचा वेढा फ्रेम, चाक आणि पाइप या तिघांभोवती बसतो.

याउलट, पुढचं चाक खोचायच्या खाचा असलेले बुटके स्टँड जिथे तिथे दिसतात. ते शक्यतो घेऊच नका. चाकाच्या तारा वरून येणारं वजन सहज पेलतात, पण आडवा दाब त्यांना सोसत नाही. शेजारच्याने सायकल ओढताना धक्का दिला की पंधरा किलोची सायकल पुढच्या रिमवर आडवी रेलते आणि चाकाला आऊट येतो, म्हणजे ते वाकडं फिरू लागतं. घरी जाताना दर फेऱ्याला रिम ब्रेकला घासते, आणि तो माणूस पुढच्या वेळी सायकल आणत नाही. शिवाय अशा खाचेत कुलूप फक्त चाकाला लागतं. क्विक रिलीजचं, म्हणजे पान्ह्याशिवाय हाताने सुटणारं, चाक असेल तर चोर ते तिथेच ठेवून बाकीची सायकल घेऊन जातो.

दिवसाचा कार्यक्रम, शंभरापेक्षा कमी सायकली आणि पक्के पाइप असतील तर स्वतः लावायची पद्धत पुरते. तरीही तिथे एक माणूस नेमाच, कारण नुसत्या वावरानेही चोर बिचकतो. रात्रीचा, तीन-चार तासांचा, मोठ्या गर्दीचा कार्यक्रम असेल तर टोकनच हवं. केबलचं बारीक कुलूप साध्या कटरने काही सेकंदांत तुटतं, आणि बहुतेकांकडे तेच असतं.

टोकनची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते हे पाहायचं असेल तर सॅन फ्रान्सिस्कोतलं जायंट्स संघाचं बेसबॉल मैदान पाहा. २००० साली सुरू झालेल्या या मैदानावर सामन्याला येणाऱ्यांच्या सायकली टोकनवर फुकट सांभाळल्या जातात. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मुख्य ऑलिम्पिक पार्कजवळ सर्वसाधारण प्रेक्षकांच्या मोटारींना जागाच नव्हती, पण स्पर्धेच्या ठिकाणी राखणदार असलेलं फुकट सायकल पार्किंग होतं. मोटारीची सोय कमी करणं आणि सायकलची वाढवणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या की परिणाम दिसतो. एकच केली तर लोक नुसते चिडतात.

किती सायकली येतील

साध्या वेगाने, ताशी १५ किलोमीटरने, ५ किलोमीटर जायला २० मिनिटं लागतात. घामाघूम न होता येता येईल असं हेच अंतर. तेव्हा आधी मैदानाभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि येणाऱ्यांपैकी किती जण त्या आत राहतात याचा अंदाज घ्या. नावनोंदणी किंवा तिकीट ऑनलाइन असेल तर 'कशाने येणार?' हा एक प्रश्न तिथेच विचारा. याहून स्वस्त आणि खात्रीची माहिती नाही.

काहीच माहिती नसेल तर आखणीसाठी पहिल्या वर्षी एकूण उपस्थितीच्या २ ते ३ टक्के धरावे. शहर सपाट असेल आणि सायकलची सवय असेल तर जास्त. आलेल्या आकड्यावर चौथाई मोकळी जागा राखून ठेवा. 'जागा संपली' म्हणून परत पाठवलेला सायकलस्वार पुन्हा येत नाही, आणि आपल्या पाच मित्रांनाही सांगतो.

पुढचं सगळं गणित एका उदाहरणावर करू: १०,००० माणसं, ३ टक्के, म्हणजे ३०० सायकली (राखीव चौथाई जागा यात धरलेली नाही).

जागा

सायकल साधारण १.८ मीटर लांब असते आणि हँडलपाशी ६० ते ६५ सेंटीमीटर रुंद. मधल्या गल्ल्या धरून दर सायकलीला सुमारे दीड चौरस मीटर लागतो. ३०० सायकलींना ४५० चौरस मीटर, आणि टेबल व रांगेसाठी आणखी ५०-६०. २८ बाय १५ मीटरचं बास्केटबॉलचं मैदान ४२० चौरस मीटर भरतं, म्हणजे त्याहून थोडी जास्त जागा. एका मोटारीला यायची-जायची वाट धरून सुमारे २५ चौरस मीटर लागतात. आयोजकांच्या बैठकीत 'एवढी जागा कुठून आणायची' असा प्रश्न निघाला की हाच हिशोब मांडा: एका मोटारीच्या जागेत सोळा सायकली.

जागा कुठली, हे किती यापेक्षा महत्त्वाचं. प्रवेशद्वारापासून शक्यतो ५० मीटरच्या आत, आणि कुठल्याही परिस्थितीत सर्वात जवळच्या मोटार पार्किंगपेक्षा जवळ. ज्या रस्त्याने सायकली येणार त्याच बाजूला. सायकल हातात धरून दाट गर्दीतून वाट काढावी लागली तर पेडल पोटऱ्यांना लागतं, लोक करवादतात, आणि सायकलवाला ओशाळतो. मोटारींच्या रांगेला ओलांडून यावं लागणारी जागाही टाळा.

जमीन कडक आणि सपाट हवी. हिरवळ दिसायला छान असते, पण तिच्यात साइड स्टँड रुततो. सायकल ठेवताना सरळ उभी राहते आणि वीस मिनिटांनी सावकाश कलंडते, शेजारणीला घेऊन. मातीवरच सोय करावी लागणार असेल तर प्लायवूडचे १० सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे कापून ठेवा आणि साइड स्टँडखाली एकेक सरकवा. उताराच्या जागी सायकली उताराला आडव्या लावा, उताराच्या दिशेने नको.

अग्निशमनाची गाडी जाईल अशी साधारण ४ मीटरची वाट मोकळी राहिलीच पाहिजे. कार्यक्रम अंधार पडल्यावर सुटणार असेल तर प्रत्येक गल्लीत दिवा हवा, नुसता टेबलावर असून भागत नाही. आकडा वाचायचा असतो तो गल्लीत.

सायकली टांगायच्या कशा

टोकन पद्धतीत सर्वात सोयीची रचना म्हणजे आडवा पाइप, ज्यावर सायकल सीटच्या पुढच्या टोकाने अडकवतात. मागचं चाक जमिनीपासून जरा उचललेलं राहतं, पुढचं टेकलेलं. ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं) स्पर्धांमध्ये हीच पद्धत असते. मांडव किंवा परांची बांधणाऱ्यांकडे ४८ मिलिमीटर जाडीचे लोखंडी पाइप मिळतात, ते उत्तम. जमिनीपासून पाइपाची उंची १.०५ ते १.१ मीटर, दोन पायांमधलं अंतर ३ मीटर. याहून लांब गाळा ठेवला तर पाइप मधोमध झोल धरतो आणि सगळ्या सायकली हळूहळू मध्ये सरकत येतात.

एक सायकल या बाजूने, पुढची त्या बाजूने, अशी उलटसुलट लावत जायची. त्यामुळे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. अशा रीतीने ३ मीटरच्या गाळ्यात दोन्हीकडून चार-चार मिळून आठ सायकली बसतात. अरुंद हँडलच्या रेसिंग सायकली असतील तर दहाही बसतील, पण गणित आठावरच करा.

सगळ्या सायकली टांगता येत नाहीत. लहान मुलांच्या सायकली पाइपापर्यंत पोचत नाहीत. मागे मुलांची सीट लावलेल्या, मोठ्या टोपलीच्या, सामान वाहण्याच्या लांब सायकली आणि तीनचाकी यांना जमिनीवरच जागा लागते. बॅटरीवर चालणाऱ्या सायकली अनेकदा २० ते २५ किलोच्या असतात, त्या दिवसभर उचलून स्वयंसेवकांची कंबर धरते. तेव्हा १५ टक्के सायकली जमिनीवर, असं धरा. आपल्या उदाहरणात ४५ जमिनीवर आणि २५५ टांगलेल्या, म्हणजे ३ मीटरचे ३२ गाळे. आठ-आठ गाळ्यांच्या चार ओळी केल्या तर प्रत्येक ओळ २४ मीटर लांब होते. ओळींमध्ये १.८ मीटरची गल्ली ठेवा. त्याहून अरुंद गल्लीत दोन स्वयंसेवक दोन सायकली घेऊन समोरासमोर आले की एकाला मागे फिरावं लागतं, आणि परतीच्या गर्दीत ते परवडत नाही.

बिघडतं कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, वारा. पाइपावर ओळीने टांगलेल्या सायकली वाऱ्याला शिडासारख्या अडवतात. ओळीच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती टाका किंवा ओळी एकमेकींना आडव्या पाइपाने बांधून घ्या. एक ओळ पडली तर साठ-सत्तर सायकली एकाच वेळी पडतात.

दुसरं, पेडल शेजारच्या तारांत घुसणं. सायकल लावताना पेडल कसंही न ठेवता फ्रेमच्या रेषेत, म्हणजे एक पुढे एक मागे, असं फिरवून ठेवायची सवय सगळ्यांना लावा. घाईत ओढून काढली की अडकलेल्या पेडलाने तार तुटते. ज्याची तुटली त्याला ते घरी गेल्यावर कळतं.

तिसरं, कुलूप. लोक सवयीने सायकल पाइपालाच बांधून टाकतात, कधी चुकून शेजारच्या सायकलीसकट. टेबलावरच सांगा: पाइपाला कुलूप नाही. मागच्या चाकाचं पक्कं कुलूप लावायचं असेल तर लावू द्या. मात्र परत आणताना ती सायकल मागून उचलून आणावी लागते, म्हणून ती टेबलाजवळच्या गाळ्यात ठेवा.

लोखंडी बॅरिकेडचा स्टँड म्हणून वापर करायचा मोह होतो. ते कुंपणाला ठीक, सायकली टेकवायला नाही. हलके असतात, एका बाजूचं वजन वाढलं की उलटतात, आणि त्यांचे बाहेर आलेले पाय अंधारात लोकांच्या घोट्यांत येतात.

टोकन

टोकनचे तीन भाग करा, तिन्हींवर एकच क्रमांक. एक भाग हँडलला, एक मालकाला, एक टेबलावरच्या डब्यात. डब्यातल्या भागावर मालकाने आपला फोन नंबर लिहायचा. तो सायकलीला लटकणाऱ्या भागावर कधीच लिहू नका. येणाजाणाऱ्याने तो वाचायचं काही कारण नाही. कार्यक्रम संपला, सगळ्या सायकली गेल्या, की ते भाग फाडून टाका.

साधा कागद घामाने आणि पावसाने विरतो. न फाटणारा प्लास्टिकसारखा कागद किंवा जाड कार्डाला दोरी बरी. दोरीऐवजी रबर बँडही चालतो. प्लास्टिकचा टाय लावला तर तो सोडायला कटर लागतो, आणि दर सायकलीमागे दहा सेकंद जातात. तीनशे सायकलींना ती पन्नास मिनिटं झाली.

क्रमांक छापताना खाली रेघ ओढा. इंग्रजी अंकांत अडुसष्ट उलटं धरलं की एकोणनव्वद वाचलं जातं, आणि दोरीवर लोंबणारं टोकन निम्म्या वेळा उलटंच असतं. हाताने देवनागरीत लिहिलं तर एक आणि नऊ एकमेकांसारखे दिसतात. खालची रेघ उलटसुलटपणा मिटवते, बाकीचं ठसठशीत छपाईने मिटतं. कार्यक्रम दोन-तीन दिवसांचा असेल तर रोज टोकनचा रंग बदला, नाहीतर खिशात राहिलेल्या कालच्या १७ नंबरवर आजची १७ नंबरची सायकल जाईल.

सायकली क्रमांकाप्रमाणेच लावायच्या. एका ओळीत १ ते ६४, पुढच्या ओळीत ६५ ते १२८, असं करत, आणि ओळीच्या टोकाला तो आकडा मोठ्या अक्षरांत. जमिनीवरच्या सायकलींना वेगळी मालिका द्या, उदाहरणार्थ ५०१ पासून. हे पाळलं की आकडा ऐकताच कुठे पळायचं ते कळतं. गर्दीच्या वेळी कुणीतरी 'इथे जागा आहे, इथेच लावू' म्हणतो आणि क्रम मोडतो. त्या एका सायकलीला रात्री शोधताना तीन माणसं अडकतात. टोकन देणाऱ्याने हातात दिलेल्या क्रमानेच सायकल गाळ्यात गेली पाहिजे, यावर प्रमुखाने सुरुवातीचा तासभर नजर ठेवावी. पुढे ते आपोआप चालतं.

मालकाला टोकनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. तरीही दहा-बारा जण टोकन हरवून येणारच. त्यांना बाजूला थांबवा, गर्दी ओसरू द्या, मग ओळख पटवा: रंग, कंपनी, कुठे ओरखडा आहे, बेल कोणती, आणि आधी लिहून दिलेला फोन नंबर. कुलूप असेल तर सर्वात चोख पुरावा म्हणजे त्याची किल्ली. ती कुलपात फिरली की प्रश्न मिटला. ओळखपत्र पाहून वहीत सही घ्या. हरवलेलं टोकन दुसऱ्याला सापडून तो आधीच सायकल घेऊन गेला, असं होऊ नये म्हणून 'टोकन हरवलं' असं कळताच त्या सायकलीच्या हँडलला लाल फीत बांधा.

हेल्मेट, पंप आणि चेनचं काय

हा मुद्दा हमखास विसरला जातो. अनेक मोठ्या कार्यक्रमांना दारावर तपासणी असते. सायकलस्वाराच्या पिशवीत पंप, पान्ह्यांचा संच, जाड साखळी, हेल्मेट असतं, आणि यातलं बरंच दारावर अडवलं जातं. दारापाशी अडलेला माणूस मग परत पार्किंगला येतो आणि रांगेत पुन्हा उभा राहतो, नाहीतर वस्तू तिथेच टाकून जातो. म्हणून टोकनच्याच क्रमांकाची एक पिशवी द्या, त्यात सगळं टाकून ती हँडलला अडकवा किंवा टेबलामागच्या फळीवर क्रमाने ठेवा. दारावर काय चालत नाही याची यादी पार्किंगच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लावा. बॅटरीच्या सायकलींची बॅटरी मात्र पार्किंगमध्ये चार्ज करू देऊ नका. लिथियम बॅटरीला आग लागली तर सायकलींच्या दाट ओळीत ती झपाट्याने पसरते आणि विझवणं अवघड जातं.

शेवटचा अर्धा तास

आता हिशोब. ३०० पैकी १८० जण पहिल्या अर्ध्या तासात परत येतील असं धरू. म्हणजे मिनिटाला सहा. सायकल शोधून, काढून टेबलापर्यंत आणायला एका स्वयंसेवकाला एक मिनिट लागतं, कारण ओळीच्या टोकापर्यंत जाऊन-येऊन पन्नास मीटर होतात. सायकली आणणारे सहा जण असतील तर रांग साचत नाही. तीनच असतील तर १८० सायकली द्यायला साठ मिनिटं लागतात, आणि शेवटी आलेला माणूस अर्धा तास उभा राहतो. त्याच्या शेजारून मोटारी निघून जात असतात. तो हे लक्षात ठेवतो.

तर आणणारे सहा, टेबलावर जुळवणारे दोन, रांगेत पुढे एक, आणि प्रमुख एक, असे दहा जण. येतानाही जवळजवळ तेवढेच लागतात, कारण कार्यक्रम सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात निम्म्या सायकली येतात, म्हणजे मिनिटाला पाच. मधल्या वेळात दोघे राखणीला पुरतात. बाकीच्यांनी कार्यक्रम पाहावा, पण संपण्याच्या अर्धा तास आधी सगळे जागेवर हजर. शेवटचं गाणं सुरू झालं की काही जण उठतातच.

रांगेत पुढे असलेला माणूस फार महत्त्वाचा. तो टेबलापासून दहा मीटर पुढे उभा राहतो, येणाऱ्याचं टोकन वाचतो आणि आकडा मागे ओरडतो किंवा वॉकीटॉकीवर सांगतो. मालक टेबलापर्यंत चालत येतो तोवर सायकल आलेली असते. या एका माणसाने रांग दिसायलाही निम्मी होते. त्याला खणखणीत आवाज हवा, आणि तो आकडे सुटे करून सांगणारा हवा: 'एकशे सत्तावीस, एक-दोन-सात'. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' गोंगाटात सारखेच ऐकू येतात.

सायकल आणणाऱ्याने स्वतः ती मालकाच्या हातात द्यायची नाही. टेबलावरच्याने दोन्ही टोकनं शेजारी धरून जुळवायची, दोन्ही काढून घ्यायची, मगच हात सोडायचा. आणि मालकांना आत सोडायचं नाही, कितीही ओळखीचे असले तरी. 'मी माझी काढून घेतो' म्हणत दहा जण आत शिरले की कोण मालक आणि कोण नाही हे कळायचं संपतं. नेमकं हेच चोराला हवं असतं.

कार्यक्रमाच्या आधी पाच सायकली आणि दहा टोकनं घेऊन पंधरा मिनिटं तालीम करा. अंधारात आकडा वाचता येत नाही, गल्ली अरुंद आहे, टेबल चुकीच्या बाजूला आहे, हे सगळं त्या पंधरा मिनिटांतच लक्षात येतं.

लोकांना सायकलीवर बसवायचं कसं

जाहिरातीत, तिकिटावर आणि संदेशात 'कसं याल' या मथळ्याखाली सायकल पहिल्या ओळीत लिहा. तळाशी, मोटारींच्या सूचनांनंतर टाकलेली ओळ कुणी वाचत नाही. आणि नुसतं 'सायकल पार्किंगची सोय आहे' असं लिहू नका. असं लिहा: 'उत्तरेच्या प्रवेशद्वाराशेजारी, राखणदारासह, फुकट. संध्याकाळी ५ पासून कार्यक्रम संपल्यावर ४५ मिनिटांपर्यंत. हेल्मेट आणि पिशवी ठेवता येईल.' सुरुवातीच्या तिन्ही शंकांची उत्तरं एवढ्यात येतात. बंद होण्याची वेळ तर लिहाच, कारण ती माहीत नसेल तर माणूस शेवटचं गाणं सोडून धावत येतो.

शहराच्या चार-पाच भागांतून मैदानापर्यंतचे निवांत रस्ते नकाशावर काढून द्या, किलोमीटरऐवजी मिनिटांत. रोज मोटार चालवणाऱ्याला सायकलची वाट बहुधा माहीत नसते. त्याच्या डोक्यात मोठा रस्ताच असतो, आणि मोठ्या रस्त्याची त्याला भीती वाटते. शक्य असेल तर शेवटच्या काही शे मीटरवर मोटारी बंद ठेवा. रस्ता शांत झाला की सायकली आपणहून येतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून ठरावीक रस्ते मोटारींना बंद करतात, आता दर रविवारी शंभराहून अधिक किलोमीटरचे, आणि ते माणसांनी भरून जातात.

नवख्यांसाठी ताफा हा सर्वात चांगला उपाय. ठरलेल्या चौकातून ठरलेल्या वेळी वीस-पंचवीस जण निघतात, पुढे वाट माहीत असलेला एक, मागे पंप आणि पंक्चरचं सामान घेतलेला एक. वेग ताशी १२ ते १५, त्याहून नाही. पुढच्याने सारखं मागे पाहायचं, आणि मागच्याने कुणालाही मागे टाकून पुढे यायचं नाही. परतीचा ताफाही जाहीर करा. रात्री एकट्याने परतायची धास्ती हेच अनेकांच्या, विशेषतः बायकांच्या, न येण्याचं खरं कारण असतं. पार्किंगमध्ये विकत किंवा उसने द्यायला मागचे लाल दिवे ठेवले तर आणखी बरं.

उभा पंप, पान्ह्यांचा एक संच आणि चेनला तेल, एवढं टेबलाशेजारी ठेवा. आठवडे पडून राहिलेल्या सायकली अशा दिवशी बाहेर निघतात आणि त्यांच्या टायरांत हवा कमी असते. बक्षिसाची सोडत टोकनच्या क्रमांकावर काढली तर टोकन जपून ठेवण्याला आणखी एक कारण मिळतं.

पार्किंगला पैसे लावू नका. लावायचेच तर मोटारींना लावा आणि त्यातून स्वयंसेवकांचं चहापाणी व पाइपांचं भाडं काढा.

रात्री उरलेल्या सायकली

दर कार्यक्रमात दोन-तीन सायकली उरतात. मालक मित्राच्या मोटारीतून गेलेला असतो. बंद व्हायच्या वेळी डब्यातल्या भागावरच्या नंबरवर फोन करा. उत्तर नाही आलं तर सायकल एका साखळीने बांधून आत ठेवा, टोकन तसंच राहू द्या, आणि उद्या कुठून, किती वाजता मिळेल याचा संदेश पाठवा. मग मोजणी: दिलेली टोकनं, परत आलेली टोकनं, उरलेल्या सायकली. हिशोब जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

त्याच वहीत आणखी चार ओळी लिहून ठेवा: दर अर्ध्या तासाला किती सायकली आल्या, जास्तीत जास्त किती एका वेळी होत्या, सर्वात लांब रांग किती वाजता होती, आणि कुठल्या बाजूने लोक आले. दुसऱ्या दिवशी हे कुणालाच नीट आठवत नाही.